संमति आणि ओळख

विवाहापूर्वीं तरुण-तरुणींचा परस्परांशीं परिचय असावा कीं नसावा, असल्यास तो कोणाच्या देखत आणि कोठपर्यंत असावा, हा वाद आमच्या सुशिक्षित समाजांत गेलीं सव्वाशें-दीडशें वर्षें चाललेला आहे. या वादांत ख्रिस्ती समाजाचें नांव नेहमीं एकाच प्रकारें घेतलें जातें. ज्यांना विवाहपूर्व स्नेह हवा असतो ते म्हणतात, 'ख्रिस्ती लोकांत पाहा, तेथें मुलगा-मुलगी एकमेकांना पारखून घेतात'. ज्यांना तो नको असतो तेही हाच दाखला देतात, फक्त स्वर बदलतो. दोन्ही पक्षांची समजूत अशी दिसते कीं, येशूचा धर्म आणि इंग्रजांची रीत या दोन गोष्टी एकाच गलबतांतून मुंबई बंदरांत उतरल्या. मराठी ख्रिस्ती समाजाचा इतिहास थोडा उलगडून पाहिला तर ही समजूत टिकत नाहीं. त्या समाजाला नव्या धर्मापासून विवाहाच्या बाबतींत एक मोठी वस्तु मिळाली. ती म्हणजे वधूवरांची संमति. परंतु संमतीच्या आधीं जी ओळख असावयास पाहिजे ती त्याला पुष्कळ काळपर्यंत मिळाली नाहीं. किंबहुना ती मिळूं नये अशीच व्यवस्था होती. आणि याच महाराष्ट्राच्या वायव्य कोपऱ्यांत, खांडबाऱ्याच्या बाजूला, तोच धर्म अशा लोकांत गेला कीं ज्यांच्यांत ओळखीला कधींच तोटा नव्हता. तेथें त्याला उलटें काम करावें लागलें. ही उलटापालट कशी झाली तें पाहण्याचा येथें विचार आहे.

प्रथम शब्दांकडे वळूं. इंग्रजी 'कोर्टशिप' या शब्दाला मराठींत घरगुती प्रतिशब्द नाहीं. लेखकांनीं 'प्रियाराधन' हा शब्द चालविला. पण तो वाचतांच एखाद्या संस्कृत नाटकांतलें उपवन डोळ्यांपुढें येतें, आणि बोलण्यांत तो कोणी सहज वापरल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. हल्लींच्या मुलामुलींनीं 'डेटिंग' हा शब्द जशाचा तसा उचलला, तो बहुधा या अडचणीमुळेंच. ख्रिस्ती मराठीची अडचण याहून निराळी आहे. मराठी बायबलांत ईश्वराला मनुष्याविषयीं वाटणाऱ्या ममतेस 'प्रीति' म्हटलें आहे. दर रविवारीं उपासनेंत ऐकूं येणारा हा शब्द आपल्या मनांतल्या मुलीविषयीं उच्चारतांना तरुणाची जीभ अडखळावी यांत नवल नाहीं. शिवाय मंडळींतील सर्व स्त्रीपुरुष परस्परांस बंधु-भगिनी म्हणून संबोधितात. पौलानें तीमथ्याला जो उपदेश केला, कीं तरुण स्त्रियांशीं सख्ख्या बहिणींप्रमाणें निर्मळ मनानें वागावें, तो या वळणाचा आधार. उपदेश उत्तम आहे. मात्र ज्या भगिनींतूनच पुढें एखादी पत्नी निवडावयाची, तिच्याशीं बोलण्यास आरंभ कसा करावा, हें पौलानें सांगितलेलें नाहीं. आणि तो स्वतः अविवाहित असल्यामुळें त्याला तो प्रश्न पडलाही नसावा.

पोर्तुगीज अमलाखालीं वसई आणि गोवें येथें जो कॅथलिक समाज वाढला त्याच्याविषयीं थोडक्यांत सांगतां येईल. १५६३ सालीं ट्रेंट येथील धर्मसभेनें ठरविलें कीं, विवाह धर्मगुरु आणि निदान दोन साक्षी यांच्या समक्ष झाला पाहिजे; सत्ताधाऱ्यांनीं आपल्या ताब्यांतील माणसांना बळानें विवाह करावयास लावूं नये; आणि आईबापांची अनुमति नव्हती एवढ्याच कारणावरून विवाह रद्द ठरूं नये. कागदावर ही मोठीच क्रांति होती. प्रत्यक्षांत घराणीं, जाति आणि हुंडा हीं आपापल्या जागीं शाबूत राहिलीं. आईबापांनीं ठरवावें आणि मुलीनें वेदीपुढें होकार द्यावा, असा तो मेळ बसला. होकार मुलीचा खरा. पण तो कोणाला द्यावयाचा हें ठरलेलें असे.

खरी मौज पुढें एकोणिसाव्या शतकांत, प्रॉटेस्टंट मिशनांच्या काळीं आहे. अमेरिकन मराठी मिशनचें काम मुंबईस १८१३ सालीं आणि अहमदनगरास १८३१ सालीं सुरूं झालें. त्या काळीं जो मनुष्य बाप्तिस्मा घेई तो एका दिवसांत सर्व नात्यांना मुके. आई त्याच्या नांवानें अंघोळ करी, भाऊ वाटणीची भाषा बोलूं लागे, आणि बायको लहान असली तर तिचे आईबाप तिला माहेरीं नेऊन ठेवीत. अशा मनुष्याच्या मुलामुलींची सोयरीक जुळवावी कोणी? मामा नाहीं, आत्या नाहीं, पत्रिका पाहणारा भटजी नाहीं. ती जागा मिशनच्या बंगल्यानें घेतली. पुढें १८९६-९७ आणि १८९९-१९०० या सालांचे दुष्काळ आले. मिशनांचे अनाथाश्रम पोरक्या मुलामुलींनीं भरून गेले, आणि दहा वर्षांच्या आंत तीं सर्व लग्नाच्या वयाचीं झालीं. एकेका मडमसाहेबांवर शेंकडों मुलींच्या आईची जबाबदारी येऊन पडली.

या आश्रमांतील आणि बोर्डिंगांतील रीत साधारणतः अशी असे. मुलगे एका आवारांत, मुली दुसऱ्या आवारांत. एखादा तरुण शिक्षक किंवा उपदेशक झाला, त्याला पगार सुरूं झाला, म्हणजे तो साहेबांकडे किंवा मडमसाहेबांकडे अर्ज करी. त्याची वागणूक, पगार आणि धर्मनिष्ठा पाहून त्या एखादी मुलगी सुचवीत. मग दोघांची भेट होई, पण वडीलधाऱ्या माणसाच्या देखत आणि थोडा वेळच. मुलीला विचारण्यांत येई. तिनें होय म्हटलें कीं उपासनेच्या वेळीं लग्नाची जाहीर सूचना दिली जाई, कोणाची हरकत नाहीं असें पाहून विवाह लागे. आमच्या हिंदु घरांतील 'मुलगी पाहण्या'च्या कार्यक्रमाशीं या रीतीचें साम्य वाचकांच्या लक्षांत आलेंच असेल. फरक एवढाच कीं, येथें मुलीला तोंड उघडावयास सांगत. तिला 'नको' म्हणण्याचा अधिकार होता. 'अमुकच हवा' असें म्हणण्याची सोय नव्हती, कारण अमुक म्हणजे कोण हें कळण्याइतकी तिची कोणाशींच ओळख होऊं दिलेली नसे. तरीही ज्या काळीं बाहेरच्या समाजांत आठ-दहा वर्षांच्या पोरींना कोणी कांहींच विचारीत नसे, त्या काळीं एका पोरक्या मुलीला दोन साक्षींच्या देखत 'होय किंवा नाहीं' असें विचारलें जावें, ही गोष्ट लहान नव्हे.

सरकारी कायद्यानेंही याच मर्यादेंत पाऊल टाकलें. १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्यानें एतद्देशीय ख्रिस्ती वराचें वय सोळांहून व वधूचें तेरांहून अधिक असलें पाहिजे असें ठरविलें, आणि अठरा वर्षांच्या आंतील मुलामुलींना वडिलांची परवानगी आवश्यक केली. आज तेरा हा आंकडा वाचून अंगावर कांटा येतो; पण त्या वेळीं हिंदु विवाहाला वयाची कोणतीच कायदेशीर मर्यादा नव्हती हें विसरतां कामा नये. (१९७८ सालच्या दुरुस्तीनें हीं वयें एकवीस आणि अठरा झालीं.)

याहून चमत्कारिक कायदा १८६६ चा. नवरा ख्रिस्ती झाला आणि त्यामुळें बायकोनें त्याला सहा महिने टाकलें, किंवा बायको ख्रिस्ती झाली आणि नवऱ्यानें तिला टाकलें, तर ख्रिस्ती झालेल्या पक्षानें न्यायालयांत जावें. न्यायाधीशानें दुसऱ्या पक्षास बोलावून, तो नकार स्वखुषीनें देत आहे कीं कोणाच्या दडपणानें, याची चौकशी करावी. दोघांची समक्ष भेट घडवून आणावी. तरीही नकार कायम राहिला तर एक वर्ष थांबावें आणि मग विवाह मोडून दोघांस मोकळें करावें, असा त्याचा आशय होता. त्या काळच्या कित्येक जोडप्यांचें लग्न पाळण्यांतून उठल्याबरोबर लागलेलें. सासूसासऱ्यांच्या देखत एकमेकांशीं बोलण्याची चोरी. अशा दोघांना मोकळेपणानें बोलावयास बसविण्याची आज्ञा पहिल्यानें कोणी केली असेल तर ती या कायद्यानें. आणि तीही विवाह मोडतांना!

वाङ्मयांत मात्र हें बोलणें त्याहून थोडें आधीं सुरूं झालें होतें. बाबा पदमनजींचें 'यमुनापर्यटन' १८५७ सालीं प्रसिद्ध झालें. विधवांच्या स्थितीचें निरूपण हा त्याचा विषय, आणि धर्मप्रसार हा हेतु. म्हणून कादंबरी या नात्यानें त्यावर टीका करणें सोपें आहे. परंतु त्यांत एक गोष्ट आहे तिच्याकडे टीकाकारांचें व्हावें तितकें लक्ष गेलेलें नाहीं. यमुना आणि विनायक हीं नवराबायको प्रवास करतात आणि प्रवासांत एकमेकांशीं बोलतात. पाहिलेल्या गोष्टींवर दोघें विचार करतात, आणि यमुनेच्या मताला किंमत असते. मराठी गद्यांत नवराबायकोचा स्नेह असा उघड रस्त्यानें चालतांना त्यापूर्वीं क्वचितच दिसला असेल. पुढें विनायक मरतो, यमुनेचे हाल होतात, ती ख्रिस्ती होते आणि पुनर्विवाह करते. तो भाग उपदेशाचा आहे. आम्हांस पहिला भागच अधिक मोलाचा वाटतो.

आतां एका अशा जोडप्याकडे येऊं कीं ज्यांची ओळख होण्यास लग्नानंतर वीस वर्षें लागलीं. नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई यांचा विवाह १८८० सालीं झाला. ती बारा वर्षांच्या आंतबाहेरची, तो अठरा-एकोणीस वर्षांचा. टिळकांचा स्वभाव वाऱ्यासारखा. घर सोडून जाणें आणि परत येणें हा क्रम चाललेलाच. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं त्यांनीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला, आणि लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन पंढरपुरास आपल्या बहिणीकडे राहिल्या. सुमारें पांच वर्षें हीं दोघें दुरावलेलीं होतीं. टिळकांचें वय चौतिशीच्या घरांत, नव्या समाजांत त्यांचें नांव झालेलें, आणि वर सांगितलेला १८६६ चा कायदा हाताशीं. त्याचा आश्रय घेतला असता तर एका वर्षाच्या मुदतीनंतर ते दुसरा विवाह करण्यास मोकळे झाले असते. त्यांनीं तसें केलें नाहीं. ते वाट पाहत राहिले. शेवटीं लक्ष्मीबाई आपण होऊन नगरास आल्या, पण धर्म आणि सोंवळें सांभाळून. आणि पुढें स्वतःच्या विचारानेंच त्यांनीं तें सोंवळें सोडलें. १९०० सालीं त्यांचा बाप्तिस्मा झाला.

'स्मृतिचित्रें' १९३४ पासून प्रसिद्ध झालीं तेव्हां सर्व महाराष्ट्रानें तीं डोक्यावर घेतलीं, आणि त्यांतील विनोदाची तारीफ आजही होते. परंतु शुद्धतेच्या प्रश्नाच्या दृष्टीनें तें पुस्तक कोणी फारसें वाचलेलें नाहीं. ख्रिस्ती उपदेशांत तरुणांना संयम सांगतात तो विवाहापूर्वींचा. टिळकांचा संयम विवाहानंतरचा आहे, आणि आमच्या मतें तो अधिक कठीण आहे. कायद्यानें पत्नी आपली, लोकांच्या दृष्टीनें आपली. तरी तिच्या मनानें येण्याची वाट पाहावयाची. बाराव्या वर्षीं जो प्रश्न तिला कोणी विचारला नव्हता तो तिसाव्या वर्षीं तिच्यापुढें मोकळा ठेवावयाचा. संमति हा शब्द आम्ही वर वापरला. त्याचा भरीव अर्थ या उदाहरणांत सांपडतो, मिशनच्या दिवाणखान्यांतील पांच मिनिटांच्या भेटींत नव्हे. लक्ष्मीबाईंची बाजूही अशीच सरस आहे. नवऱ्याच्या पाठोपाठ धर्म बदलणें त्या काळीं पतिव्रतेला शोभलेंच असतें. त्यांनीं तें मुकाट्यानें केलें नाहीं, म्हणूनच त्यांचा होकार खरा ठरला.

पंडिता रमाबाईंचें उदाहरण याच्या अगदीं उलट बाजूनें चालतें. त्यांनीं १८८० च्या जून महिन्यांत बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशीं नोंदणी पद्धतीनें विवाह केला. प्रांत वेगळा, जात वेगळी. वधू बावीस वर्षांची, विदुषी, आणि मेधावी हे तिच्या भावाच्या ओळखीचे. त्या शतकांतील मराठी स्त्रीनें केलेला इतका स्वतंत्र विवाह दुसरा दाखविणें कठीण. आणि तो ज्या वेळीं झाला त्या वेळीं रमाबाई ख्रिस्ती नव्हत्या! दीड-पावणेदोन वर्षांतच, ४ फेब्रुवारी १८८२ रोजीं, मेधावी वारले. रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ सालीं इंग्लंडांत झाला. पुढें केडगांवच्या मुक्तिसदनांत शेंकडों दुष्काळपीडित मुली त्यांच्या पदराखालीं आल्या तेव्हां मात्र त्यांनीं जी शिस्त ठेवली ती कोणत्याही मडमसाहेबांहून सैल नव्हती. यांत विसंगति आहे असें म्हणण्याचा मोह होतो. पण दुष्काळांत रस्त्यावर पडलेल्या अल्पवयी मुलींचा काय व्यापार चालतो हें त्यांनीं डोळ्यांनीं पाहिलें होतें. फसविल्या गेलेल्या स्त्रियांसाठीं त्यांनीं 'कृपासदन' ही निराळी शाखा काढली, यांतच त्यांची दृष्टि दिसते. शुद्धता म्हणजे एकदां गेली कीं गेली अशी काचेची बांगडी आहे, हें मत ज्यांना मान्य असतें ते कृपासदनें काढीत नाहींत.

याच दशकांत मुंबईस रखमाबाईंचा खटला चालला. बालपणीं लागलेलें लग्न आपल्यावर बंधनकारक नाहीं असें त्यांचें म्हणणें. नवऱ्याकडे जा, नाहीं तर सहा महिने तुरुंगांत बसा, असा मार्च १८८७ मधील निकाल. हिंदु धर्म आणि ख्रिस्ती सुधारणा यांचा हा सामना आहे असें तेव्हां दोन्ही बाजूंच्या पुष्कळांना वाटलें. पण ज्या दाव्याखालीं रखमाबाईंस ओढण्यांत आलें तो दावा मूळचा हिंदु धर्मशास्त्रांतला नव्हे. 'वैवाहिक हक्कांची पुनःस्थापना' ही चीज इंग्लंडांतील ख्रिस्ती धर्मन्यायालयांतून आलेली. आणि खुद्द इंग्लंडांत या बाबतींतली तुरुंगाची शिक्षा १८८४ सालींच रद्द झाली होती! संमतीचा उपदेश करणाऱ्या संस्थेच्याच जुन्या कपाटांतून जबरदस्तीचें हत्यार निघावें, असे प्रकार इतिहासांत घडत असतात.

शुद्धतेच्या तागडीविषयींही असेंच. व्यासपीठावरून स्त्रीपुरुषांना एकच नियम सांगितला जाई. परंतु १८६९ च्या घटस्फोटाच्या कायद्यांत ख्रिस्ती पतीला पत्नीच्या केवळ व्यभिचारावरून घटस्फोट मिळे. पत्नीला मात्र पतीचा व्यभिचार दाखवून भागत नसे, त्याच्या जोडीला क्रूरता किंवा दोन वर्षांचा त्याग असें आणखी कांहीं शाबीत करावें लागे. हा भेद थोडाथोडका नव्हे, सव्वाशें वर्षांहून अधिक टिकला. १९९७ सालीं मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानें त्यावर घाव घातला आणि २००१ सालीं संसदेनें कायदा बदलला. ज्या मुलींना लहानपणापासून शुद्धतेचे पाठ दिले त्यांच्याच नवऱ्यांना कायद्यानें अर्धी माफी देऊन ठेवली होती, आणि मंडळ्यांनीं त्याविरुद्ध आवाज काढावयास फार उशीर लावला.

येथवर जें सांगितलें तें मुख्यतः नगर, पुणें, मुंबई येथलें. म्हणजे जेथें बालविवाह, सोंवळें आणि पडदा यांनीं तरुणांची ओळख मुळांतच बंद केली होती तेथलें. त्या ठिकाणीं ख्रिस्ती धर्मानें दार थोडें उघडलें असें म्हणतां येतें. पण महाराष्ट्र म्हणजे एवढाच प्रदेश नव्हे. सुरतेहून भुसावळकडे जाणारी तापीखोऱ्यांतील रेल्वे नवापूर, चिंचपाडा आणि खांडबारा हीं स्टेशनें करीत नंदुरबारास पोंचते. हा मुलूख पूर्वीं खानदेशांत, १९०६ पासून पश्चिम खानदेशांत, पुढें धुळें जिल्ह्यांत आणि १ जुलै १९९८ पासून नंदुरबार जिल्ह्यांत मोडतो. वस्ती मावची, गावित, भिल्ल, कोकणी या लोकांची. येथें विवाहाची कल्पनाच निराळी. १८८० सालच्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा खानदेशाचा खंड उघडला तर या लोकांच्या चालीरीतींचें जें वर्णन मिळतें, तें नगरच्या मिशनरी बाईला गोंधळांत टाकील असें आहे.

मुलगा-मुलगी येथें शेतांत, रानांत, आठवड्याच्या बाजारांत, होळीच्या नाचांत एकत्र असतात. एकमेकांना पाहणें, बोलणें, पसंत करणें यांत चोरी नाहीं. लग्न वयांत आल्यावर होतें. मुलीच्या बापाला 'देज' द्यावें लागतें. तें किती हें पंच ठरवितात. देज देण्याची ऐपत नसेल तर मुलगा सासऱ्याच्या घरीं राबून तें फेडतो. आईबाप कबूल नसतील तर दोघें पळून जातात, आणि मग पंच बसून दंड आणि देज ठरवून प्रकरण मिटवितात. विधवा पुन्हा संसार थाटते. नवऱ्याशीं पटलें नाहीं तर बाई दुसरा करते, आणि नव्या नवऱ्यानें जुन्याचें देज भरून द्यावयाचें असतें. ज्या गोष्टींसाठीं पुण्यामुंबईच्या सुधारकांनीं पन्नास वर्षें लेखण्या झिजविल्या, त्यांतील निम्म्या येथें कोणी न लिहितां चालू होत्या. आगरकरांचा 'सुधारक' १८८८ सालीं निघाला. त्यांतील स्वयंवराची चर्चा खांडबाऱ्याच्या बाजारांत कोणी वाचून दाखविली असती तर, 'यांत नवें काय?' असाच प्रश्न आला असता.

या मुलखांत विसाव्या शतकाच्या आरंभापासून स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनचे लोक आले. अमेरिकेंत जाऊन राहिलेल्या स्वीडिश आणि नॉर्वेजियन लोकांतून हें मिशन १८९० सालीं शिकागो येथें फ्रेडरिक फ्रॅन्सन यांनीं उभें केलें होतें. चिंचपाड्याचें ख्रिस्ती रुग्णालय आज या बाजूच्या सर्वांना माहीत आहे. हे मिशनरी बायबल अक्षरशः मानणारे, साधे, कडक शिस्तीचे. त्यांच्यापुढें प्रश्न उभा राहिला तो संमतीचा नव्हे. येथील मुलीला संमति कशी द्यावी हें शिकवावें लागत नव्हतें. शिकवावयाचें होतें तें असें कीं, एकदां दिलेली संमति जन्मभराची आहे. नगरास जो धर्म बंद दार उघडीत होता तो येथें उघड्या दाराला कडी लावूं लागला. होळीचा रात्रीचा नाच नको, लग्नांत दारू नको, पळून जाणें नको, दुसरी बायको नको.

यांतलें शेवटचें कलम सर्वांत जड. ज्याला आधींच दोन बायका आहेत त्यानें बाप्तिस्मा मागितला तर? एकीला सोड म्हणावें तर ती आणि तिचीं मुलें उघड्यावर पडतात. शुद्धतेच्या नांवाखालीं एका निरपराध बाईवर अन्याय होतो. हा पेंच केवळ खानदेशचा नव्हे. आफ्रिकेंतील मंडळ्यांसाठीं अँग्लिकन बिशपांच्या लँबेथ परिषदेनें १८८८ सालीं ठरविलें कीं, अनेक बायका असलेल्या पुरुषाला बाप्तिस्मा देऊं नये. आणि बरोबर शंभर वर्षांनीं, १९८८ सालीं, त्याच परिषदेनें कांहीं अटींवर त्याला बायकांसह स्वीकारावें असें ठरविलें. अवघड प्रश्नाचें उत्तर बदलण्यास एक शतक लागलें म्हणून बिशपांस हंसण्याचें कारण नाहीं. आमच्या धर्मपीठांना याहून अधिक वेळ लागलेला आहे.

येथें एका गैरसमजाचें निरसन केलें पाहिजे. आदिवासींना शुद्धतेची कल्पना मिशनऱ्यांनीं दिली असें कांहीं लोक अभिमानानें आणि कांहीं रागानें म्हणतात. दोघेही चुकतात. १९२२-२३ सालीं दक्षिण गुजराथेंतून 'देवी'ची लाट उठली, ती या भागांतही पोंचली. अंगांत आलेली देवी सांगे कीं दारू सोडा, रोज अंघोळ करा, मांस टाका. १९३७-३८ सालीं तळोदें तालुक्यांतील मोरवडच्या गुलाम महाराजांनीं हजारों भिल्लांस दारू सोडावयास लावली आणि परस्परांस 'आप' म्हणावयास शिकविलें. म्हणजे संयमाची ओढ या लोकांच्या पोटांतूनच निघालेली होती, आणि ख्रिस्ती मंडळीचा उपदेश त्या ओढीला येऊन मिळाला. दारू सुटलेल्या घरांत बायकोला मार कमी बसतो, हें कळण्यास धर्मशास्त्र लागत नाहीं.

देजाविषयीं आमचें मत पूर्ण पक्कें नाहीं असें म्हणण्यापेक्षां तें दुहेरी आहे असें म्हणूं. बाहेरच्या माणसाला तो कन्याविक्रय वाटतो. पण देज मिळतें म्हणून मुलगी जन्मतांच बापाचा चेहरा उतरत नाहीं. सुनेला जाळण्याचें कारण उरत नाहीं. उलट, बापानें देज खर्चून टाकलें असेल तर छळ होणाऱ्या मुलीला माहेरीं ठेवून घेण्यास तो धजत नाहीं, हेंही तितकेंच खरें. ज्या ठिकाणीं शिकलेल्या कुटुंबांनीं, मग तीं ख्रिस्ती असोत वा नसोत, देज रानटी म्हणून टाकलें आणि त्याच्या जागीं शहरी हुंडा आणला, त्या ठिकाणीं मुलीचें हित झालें असें आम्हांस वाटत नाहीं.

आजच्या तरुणांपुढील पेंच मात्र धर्मोपदेशानें सुटणारा नाहीं, कारण त्याचीं दोन टोकें कायद्यांत आणि पोटांत आहेत. कायदा असा कीं, १९५५ चा हिंदु विवाह कायदा अनुसूचित जमातींना आपोआप लागू होत नाहीं. त्यांच्या रूढीचा विवाह हाच विवाह. परंतु वधूवरांतील एकजण जरी ख्रिस्ती असला तरी १८७२ च्या कायद्याचें चौथें कलम लागू होतें, आणि त्या कायद्याबाहेर लागलेला त्यांचा विवाह रद्द समजला जातो. समजा, खांडबाऱ्याच्या बाजारांत ओळख झालेलीं दोघें पळून गेलीं, पंचांनीं देज ठरविलें, गांवानें जेवण घेतलें. आणि मुलगी ख्रिस्ती घरची. गांवाच्या दृष्टीनें ती बायको, मंडळीच्या दृष्टीनें ती पापांत राहणारी, आणि न्यायालयाच्या दृष्टीनें तिचें लग्न झालेलेंच नाहीं. नवऱ्यानें सोडलें तर पंचांकडे दाद मागावी तर मंडळी रागावते; न्यायालयांत जावें तर पुरावा कसला दाखवावा? शुद्धतेच्या वर्गांत या कलमाची माहिती मुलींना सांगत असतील तर फार बरें. कारण तिला धोका मुलाच्या स्नेहापासून जितका आहे तितकाच या तीन निरनिराळ्या वह्यांपासून आहे.

पोटाचें टोक उसाच्या फडांत आहे. खानदेशच्या या पट्ट्यांतील हजारों कुटुंबें दरवर्षीं पावसाळा सरल्यावर बारडोलीच्या बाजूच्या साखर कारखान्यांसाठीं ऊस तोडावयास जातात. यान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञानें १९७० नंतरच्या दशकांत या तोडणीकामगारांचा अभ्यास करून लिहिलें आहे. मुकादम माणसें मोजीत नाहीं, 'कोयते' मोजतो. एक कोयता म्हणजे तोडणारा पुरुष आणि मोळ्या बांधणारी बाई, जोडीला बहुधा एखादें मूल. उचल जोडीला मिळते. एकट्या मुलाला किंवा एकट्या मुलीला नाहीं. अशा व्यवस्थेंत सोळा-सतरा वर्षांचा मुलगा आणि त्याच वयाची मुलगी दिवाळीच्या सुमारास जोडी जमवितात, त्याला प्रेम म्हणावें, विवाह म्हणावा, कीं भागीदारी म्हणावी? पाळकानें त्यांना अठरा आणि एकवीस वर्षें पुरीं होईपर्यंत थांबण्यास सांगणें योग्यच आहे, कायदाही तेंच सांगतो. पण थांबल्यास त्या हंगामाची उचल बुडते, आणि घरचें कर्ज बहुधा गेल्या हंगामाचें असतें.

हीं मुलें उन्हाळ्यांत फडावरून परत येतात, तोंवर त्यांच्यांतील कित्येकांची कडेवरची जबाबदारी सुरूं झालेली असते. वयें पुरीं झाल्यावर असें जोडपें देवळांत येऊन, आमचा विवाह नोंदवा, असें म्हणालें तर पाळकानें त्यांना कोणत्या रांगेंत उभें करावें? नगरच्या जुन्या रीतीप्रमाणें त्यांना 'तुमची संमति आहे काय?' असें विचारण्यांत कांहीं अर्थ उरलेला नसतो. कांहीं ठिकाणीं अशा जोडप्यास प्रथम मंडळीपुढें चूक कबूल करावयास लावावें असा आग्रह धरतात. दुसरे म्हणतात, दोन साक्षी बोलावून नांवें लिहून घ्यावीं आणि बाळाला आशीर्वाद द्यावा. आम्ही त्या मंडळीचे सभासद नाहीं. पण आम्हांस विचारलेंच तर आम्ही दुसऱ्या पक्षाच्या बाजूला बसूं, आणि वहींत नांवें लिहितांना मुलीचें नांव आधीं लिहा म्हणून सांगूं.